झाड तिचं, तरखुना माझा

९ एप्रिल, मंगळवार

तरखुना जमिनीतून वर आला. बोटभर आहे. यंदा थंडी लांबली, तरी त्याने वेळ चुकवली नाही. या घरात वेळ पाळणारे आता आम्ही दोघंच. वाफ्यातलं गवत काढलं, चुलीतली राख टाकली. पान चुरगळलं की बडीशेपेसारखा वास येतो आणि दिवसभर बोटांना राहतो.

भिंतीपलीकडे गुलिकोच्या आलुबुखाराने फळ धरलं आहे. वाटाण्याएवढं. तिने झाडाखालचं गवत अजून काढलेलं नाही.

माझा नवरा ओतार गेला आणि घराची वाटणी झाली, तेव्हा माझ्या नणंदेला, गुलिकोला, झाडाकडची बाजू मिळाली आणि मला विहिरीकडची, म्हणजे तरखुन्याची. वाटणी करणाऱ्या पुरुषांना स्वयंपाकातलं काही कळत नव्हतं. ईस्टरला चाकापुली, म्हणजे सणाचा रस्सा, शिजवायची, तर कोकराचं मांस, कोवळे हिरवे आलुबुखार आणि तरखुना, तिन्ही एका पातेल्यात लागतात. मांस खाटकाकडे मिळतं. बाकी दोन्ही बाजारातही मिळतात म्हणा, पण दारात असताना विकत आणणं म्हणजे घरातलं भांडण तराजूत घालून गावाला दाखवणं. तेवढी लाज आम्हा दोघींना आहे. म्हणून आठ वर्षं ती भिंतीवर वाडगाभर फळं ठेवते, मी वाडगा रिकामा करून त्यात तरखुन्याची जुडी ठेवते. एकदा झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, एकदा ईस्टरच्या आधी. एक शब्द बोलायचा नाही.

न बोलायला कारण आहे. ओतारच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला, भरल्या मांडवात, ती म्हणाली होती की या घरातली चाकापुली आमच्या आईची आणि लिआना ती प्रयोगशाळेत उकळल्यासारखी उकळते. मी रसायनशास्त्र शिकवत होते, हे खरं. पातेल्याशी त्याचा संबंध नव्हता.

१४ एप्रिल, रविवार

पावाच्या भट्टीवर गुलिको आली आणि माझ्या बाजूने निघून गेली. लोकांसमोर मान हलवायची एवढं आम्ही पाळत आलो होतो. मी हलवली. तिने नाही. शेजारची दोदो तिथेच उभी होती. "काय गं लिआना, आता तेवढंही बंद का?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, तू तुझा पाव बघ, करपतोय.

मान ताठ, नजर समोर, जणू रस्ता तिच्या बापाचा. टायपिस्ट होती तेव्हाही कचेरीत अशीच बसायची, साहेब आला तरी वर बघायची नाही.

१९ एप्रिल, शुक्रवार

हद्द झाली. आज तिने भांडी धुतलेलं पाणी भिंतीवरून टाकलं ते माझ्या वाफ्यात. मोरी दोन हात डावीकडे आहे. साबणाचं पाणी, तरखुन्यावर. मी खिडकीतून ओरडले. तिने वर पाहिलं, माझ्याकडे नाही, माझ्या खिडकीच्या शेजारच्या भिंतीकडे, आणि आत निघून गेली. माझ्याकडे बघण्याचीही तिला आता शिसारी आहे.

पायात एक काळा मोजा आणि एक तपकिरी होता. माहेरच्या घरात राहून आपली किती आबाळ होते, हे गावाला दाखवायची ही नवी तऱ्हा.

२३ एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी तिच्याकडे दिवा लागत नाही. चार दिवस पाहते आहे. घरात असते, कारण रेडिओ ऐकू येतो. अंधारात बसून रेडिओ ऐकते. मी खिडकीशी बसलेली असते हे तिला माहीत आहे. आपण दिसू नये म्हणून चाललंय.

ईस्टरआधीच्या लांबलचक उपासाने माझं डोकं दुखतं. राजमा, अक्रोड, कोथिंबीर. पुन्हा राजमा.

२७ एप्रिल, शनिवार

वाडगा आला.

आठ वर्षांत तिच्या वाडग्यावर बोट ठेवायला जागा नव्हती, हे मी मान्य करते. एकेक फळ पुसलेलं, सारख्या आकाराचं. आजच्या वाडग्यात निम्म्या फळांवर किडीचे काळे डाग, मध्ये पानं, काटक्या, आणि वर एक जिवंत अळी. अळी चालत होती.

हे चुकून होत नाही. हे माणूस निवडून करतं.

मी जुडीत गेल्या वर्षीच्या वाळक्या काड्या घातल्या, वर शोभेपुरता एक कोवळा शेंडा, आणि ठेवून दिली.

२८ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

धड फळं निवडून चटणी केली. आलुबुखार उकळून कोयी काढल्या, मग कोथिंबीर, शेपू, लसूण, हिरवी मिरची आणि रानपुदिना. रानपुदिन्याशी खेळ करून चालत नाही. कमी पडला तर चटणी नुसती आंबट, जास्त पडला तर औषधाची बाटली. आजच्या दिवशी उपासात मासा चालतो, त्याबरोबर बरी लागली. एकटीसाठी मासा तळताना अर्धं तेल वाया जातं.

चर्चहून येताना दोदो म्हणाली की गुलिकोने माझ्या तरखुन्याची फार तारीफ केली, यंदा वास काय सुंदर आहे म्हणाली. वाळक्या काड्यांची तारीफ. चार लोकांत. हा टोमणा मला कळणार आणि बाकी कोणाला कळणार नाही, याची तिने बरोबर काळजी घेतली.

२९ एप्रिल, सोमवार

नातियाला फोन केला. गुलिकोची मुलगी, रुस्ताविला असते. आईला मुलीने समज द्यावी एवढीच माझी अपेक्षा. मी मुद्देसूद सांगितलं: भट्टीवर मान फिरवली, वाफ्यात साबणाचं पाणी टाकलं, मोजे, दिवा, अळी. नातिया मध्ये बोलली नाही. नंतर तिने काही विचित्र प्रश्न विचारले. भट्टीवर मी समोर होते की बाजूला? बाजूला. पाणी नेहमी चुकतं की त्याच दिवशी? दिवा कधीपासून लागत नाही? मी सगळ्याची नीट उत्तरं दिली. शेवटी ती म्हणाली, "मामी, बरं केलंत सांगितलंत. मी येते."

आठ वर्षांत पहिल्यांदा या घराण्यातल्या कोणी माझं नीट ऐकून घेतलं.

१ मे, बुधवार

नातिया काल नवऱ्याच्या गाडीने आली. रात्री पलीकडे आवाज चढले होते. शब्द कळले नाहीत.

आज सकाळी ती माझ्याकडे आली. रडून चेहरा सुजलेला. तिने माझे हात धरले आणि आभार मानले. आजीचे डोळे काचबिंदूने असेच गेले होते, म्हणाली. आजी आधी बाजूचं बघेनाशी झाली, मग दिवे लावेनाशी. आई कबूल करत नाही, सगळं स्वच्छ दिसतं म्हणते. पण ईस्टर झाला की मंगळवारी तिला रुस्ताविला नेणार, कायमची. पाचवा मजला आहे, लिफ्ट बंद असते, तरी निदान कोणी तरी जवळ असेल. ही बाजू तिबिलिसीच्या एका गृहस्थाला द्यायची. त्याला उन्हाळ्यात राहायला घर हवंय आणि झाडाच्या जागी गाडी लावायला जागा.

"तुम्ही लक्ष ठेवलंत म्हणून कळलं, मामी," ती म्हणाली. "नाहीतर ती एखाद्या दिवशी पायरीवरून पडली असती."

मी तिला चहा दिला. 

ती गेल्यावर मला राग आला. नीट राग. डोळे जात होते तर सांगायला काय झालं होतं? भिंत काही नदीपलीकडे नाही, हातभर उंच आहे. तोंड उघडून सांगायचं, की बाई, मला दिसत नाही. मी इतके दिवस एका आंधळ्या बाईशी लढत होते आणि तिने मला लढू दिलं. याला लबाडी म्हणतात.

२ मे, गुरुवार

नातिया मेणबत्त्या आणायला गेली होती, तेव्हा गुलिको झाडाखाली होती. मी भिंतीपाशी गेले. आठ वर्षांनी मी आधी बोलले, हे इथे लिहून ठेवते.

मी बाजूला मूठ वर धरली आणि विचारलं, "किती बोटं आहेत?"

"पाच," ती म्हणाली. "पहिल्यापासून पाचच आहेत, आणि पाचही दुसऱ्याच्या भानगडीत."

"मूठ बंद होती, गुलिको."

 ती फांदीला धरून सावकाश दगडावर बसली. समोरचं दिसतं, म्हणाली, नळीतून पाहिल्यासारखं, तेही उजेडात. तेलाविला जाऊन डॉक्टरला दाखवून आली आहे, गेल्या शरदातच, एकटी. गेलं ते गेलं, राहिलं ते थेंबांनी राहील, असं त्याने सांगितलं. थेंब रोज घालते.

"मग मुलीला हे सांग."

"सांगितलं तर ती मला आजच गाडीत घालेल. इथे मला पायाखाली काय आहे ते ठाऊक आहे. झाडाला हात लावला की फळ तयार आहे का कळतं. तिथे पाचव्या मजल्यावर मी कशाला हात लावू? कठड्याला?" मग तिने तोंड माझ्याकडे वळवलं, जवळजवळ बरोबर. "झालं ना तुझ्या मनासारखं, मास्तरीणबाई. झाड तुझ्या डोळ्यांत आठ वर्षं होतं. आता तेही तोडणार आहेत. जा, नाच जा."

"मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर काय केलं असतंस? दया? तुझी दया आणलीस तर वाडग्यासकट भिंतीवरून परत फेकीन."

मी म्हटलं, माझ्याकडे दया पडून नाही. आणि नेमही तुझा चुकेल, पुन्हा माझ्या तरखुन्यावर पडेल.

घरी येऊन ईस्टरची अंडी लाल रंगवायची मुळं भिजत घातली. 

३ मे, शुक्रवार

अंडी लाल झाली. उपास, चर्च.

नातिया विचारायला आली की उद्या आईला चाकापुली शिजवू द्यावी का, धोका नाही ना. आई म्हणते की मला जमतं, बघच. नातिया बघणार आहे. जमलं तर तिला इथेच ठेवायचा विचार करीन म्हणाली, पण हे तिने आईला टाळण्यासाठी म्हटलं असावं.

मी म्हटलं की शिजवू दे. पण मांस माझ्या पैशाचं आहे आणि गेल्या खेपेला तिने मला अळी दिली. मी स्वतः उभी राहून बघणार.

४ मे, शनिवार

सकाळी फाटकातून तिच्या बाजूला गेले. टोपलीत तरखुना, कांद्याची पात, मांस. नातिया स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. गुलिको अंगणात होती.

मी लांबूनच सुरू केलं. दुसरी पायरी अजून तुटकीच आहे, कोणी येऊन बसवायची वाट बघतेस? तिने दुसरी पायरी ओलांडली. उजवीकडे माझी टोपली आहे, त्यात हात घालायचा नाही, मागून घ्यायचं. तिने डावीकडून वळसा घेतला. पातेल्याचा कान चुलीकडे करून ठेवतात का, शहाण्या बायका खिडकीकडे करतात. तिने खिडकीकडचा कान धरला.

"शाळा कधीची सुटली," ती नातियाला म्हणाली, "पण हिची हजेरी काही संपत नाही."

फळं तिने स्वतः निवडली. नखाने टोचून कोय अजून मऊ आहे का ते बघायचं. कोय कडक झाली की फळ चाकापुलीच्या कामातून गेलं. तिचं नख माझ्या डोळ्यांपेक्षा लवकर चालत होतं, यात नवल नाही, जन्मभर तिने टाइपच केलं. डाग मात्र तिला कळत नव्हते. डागाळलेली मी उचलत होते आणि तोंडाने म्हणत होते, हे बघ, हेही दिलंस, मला मारायचा विचार आहे का. प्रत्येक वेळी ती हात पुढे करून थांबायची, मी उचलून होईपर्यंत.

मग थर. मांस, तरखुना, पात, आलुबुखार, पुन्हा मांस. वरून पांढरी वाइन. यात चमचा घालायचा नसतो. ढवळलं की फळ फुटतं आणि सगळ्याचा लगदा होतो. झाकण ठेवायचं आणि गप्प बसायचं. ते आम्हाला जमलं नाही.

"काड्या घातल्यास," ती झाकणावर वाकून म्हणाली. "कडू वास येतोय."

"काडीतच अर्क असतो."

"अर्क तुझ्या बाटलीत असतो. आई पानं ओरबाडून घालायची."

तेवढ्यात नातियाने एक गोष्ट केली. काही न बोलता एक खुर्ची उचलली आणि चुलीकडून मेजाकडे जायच्या वाटेत ठेवली. ठेवली आणि मागे सरली. गुलिको गरम झाकण फडक्यात धरून वळलीच होती.

"वाटेत खुर्ची कोणी ठेवली?" मी म्हटलं. आवाज बराच मोठा झाला असावा, बाहेर दोदोच्या कोंबड्या उडाल्या. "नातिया, तुमच्या रुस्ताविला बायकांनी अडखळून मरावं म्हणून चुलीपुढे खुर्च्या ठेवतात का?"

गुलिको थांबली. पायाने खुर्चीचा पाय चाचपला, बाजूला ढकलला आणि मेजापाशी गेली. "माझी मुलगी आहे, वाट्टेल तिथे ठेवील," ती म्हणाली. "तू कोण?"

दोदो कोंबड्यांमागून आलीच, ईस्टरच्या पावाचा साचा मागायच्या निमित्ताने. तिच्यासमोर नातियाने मला विचारलं, "मामी, मग फोनवर सांगितलंत ते? मोजे, दिवा, पाणी?"

माझा जन्म मुलांना खोटं बोलल्याबद्दल कोपऱ्यात उभं करण्यात गेला. मी म्हटलं, "ते वाढवून सांगितलं. काही तर रचून. मला तिला इथून हलवायचं होतं. झाड हवं होतं मला."

दोदोने साचा मेजावर ठेवून दिला. नातिया माझ्याकडे बघत राहिली. आणि गुलिकोने, जिच्यासाठी हे चाललं होतं तिने, काय करावं?

"ऐकलंस ना, दोदो?" ती म्हणाली. "आठ वर्षं मी काय सांगत होते? आज स्वतःच्या तोंडाने बोलली."

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं असणार. खाटकाच्या बायकोने चर्चच्या दारात माझ्याकडे पाहून पदर सावरावा तसा रुमाल सावरला. मी हे त्या बाईवरच्या मायेपोटी केलेलं नाही. तिबिलिसीचा माणूस आला असता, गाडीचा धूर तरखुन्यावर बसला असता. मला दुसरा शेजारी नको, एवढंच.

५ मे, ईस्टर

ख्रिस्त उठला आहे.

एका मेजावर जेवलो, कारण पातेलं एकच होतं. नातियाने दोनदा घेतलं. आंबटपणा बरोबर उतरला होता, मांस सुटलं होतं, वाइन आणि तरखुना एकमेकांत मुरले होते. गुलिको म्हणाली, काड्या नसत्या तर आईसारखी झाली असती. मी म्हटलं, फळं वेळेवर उतरवली असती तर माझ्यासारखी झाली असती.

ती बसते तिथून मीठ दिसत नाही. मी सारखी विचारत राहिले, मीठ तुझ्या कोपराशी दडवून का ठेवलंस.

६ मे, सोमवार

ओतारच्या कबरीवर गेलो. लाल अंडी, पाव, वाइन. दफनभूमीची वाट सगळी उंचसखल, कुंपणं वाकडी, मुळं वर आलेली. नातिया मागून येत होती. मी पुढे चालले आणि वाटभर बोलले. हा दगड कोणी काढत नाही, हे मूळ ग्रामपंचायतीला दिसत नाही, या कुंपणाची तार डाव्या बाजूला सुटली आहे, झगा फाटेल एखादीचा. घसा बसला. गुलिको माझ्यामागे कुठेही अडखळली नाही.

कबरीवर तिने वाइन ओतली, बरोबर मधोमध. "ओतार," ती म्हणाली, "तुझी बायको अजून बोलतेच आहे. तू सुटलास."

तिला मी तिथेच सांगितलं की दुपारचे थेंब राहिलेत.

७ मे, मंगळवार

नातिया सकाळी गेली. एकटी. शरदात पुन्हा येऊन बघेन, तोवर आईला इथेच राहू दे, असं म्हणाली. तिबिलिसीच्या गृहस्थाला तिने फोनवर नकार दिला, मी ऐकलं.

गाडीत बसण्याआधी ती माझ्या फाटकाशी आली. मला वाटलं, खोटं बोलल्याबद्दल आता ऐकवेल. मी तयार होते. ती म्हणाली, "मामी, तुमचा आवाज फाट्यापर्यंत जातो म्हणतात. तो बसू देऊ नका. गरम पाण्याच्या गुळण्या करा."

मी म्हटलं, माझ्या आवाजाने भरले वर्ग गप्प केले आहेत, तू तुझ्या गाडीच्या आवाजाचं बघ. ती हसली आणि मग डोळे पुसत गाडीत बसली. एवढ्याशा बोलण्यात डोळे पुसण्यासारखं काय होतं, कोणास ठाऊक. टोमणा असावा. आईवर गेली आहे.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मी आत आले. गुलिको भिंतीपाशी उभी होती, तोंड भलत्याच दिशेला, माझ्या विहिरीकडे.

"तिकडे काय बघतेस?" मी ओरडले. "मी इकडे आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "सगळ्या गावाला माहीत आहे."